नत्थुजीनं हाक मारली नाही

गाडगेनगर, अमरावती
फाल्गुन वद्य तृतीया

श्रीमान गोपालभाऊ यांच्या सेवेशी, मुक्काम जठारपेठ, अकोला.

वामनरावाचा रामराम आणि साष्टांग नमस्कार. (वयानं तुम्ही मोठे म्हणून साष्टांग मी घातला. पण मी तुमच्या घरचा जावई, म्हणजे मानानं मोठा, तेव्हा तिकडून एक तुम्हीही घालावा. गुडघा दुखत असेल तर उभ्यानं घाला, मी काही पाहायला येत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं बाटलीकडे पाहता? वहिनींची शुगर उतरली का? त्यांना म्हणावं, लग्नात पुरणपोळी खायची असेल तर आतापासून जरा आवरा. अकोल्याचं ऊन तर आता सुरू झालंच असेल. आमच्याकडेही दुपारी डांबर पायाला चिकटून राहिलं. शाळेत मास्तरांनी छड्या मारून पत्र शुद्ध लिहायला शिकवलं होतं, म्हणून हे शुद्धच लिहून राहिलो. मधे कुठं वऱ्हाडी घुसली तर घुसू द्या, घरचीच आहे.

तुम्ही म्हणाल, घरोघरी फोन असताना हा माणूस पत्र कायले लिहिते? त्याचं कारण भाऊ, तुमचा फोन अलीकडे फार हळू येतो. तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखा. मागच्या वेळी तुम्ही वहिनींना दवाखान्यात नेल्याचं सांगत होता आणि मी "वा वा, अभिनंदन, पेढे पाठवा" म्हटलं, असं नंतर रुख्मिणीकडून कळलं. तर तो फोन बदला. तुमच्या बहिणीचं म्हणणं, फोन चांगला आहे, माझाच कान गेला. काही गेलाबिला नाही. जन्मभर धारणीच्या गाडीवर कंडक्टरकी केली, मेळघाटातल्या घाटात इंजिनाजवळ उभं राहून तिकिटं फाडली, तिथं जो कान टिकला तो आता गाडगेनगरात बसून जाणार आहे काय? लोकच अलीकडे हळू बोलतात. सगळीकडे नाजूकपणा वाढला आहे. असो. हे पत्र समोरच्या खोलीतल्या दिवाणावर बसून लिहितो आहे. त्याचं झाकण आठ-दहा दिवसांपासून नीट बसत नाही, लिहिताना डगडग करतं, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. सुतार बोलवायचं म्हटलं की रुख्मिणी नको म्हणते. का ते देवच जाणे.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या भाचीचं, म्हणजे आमच्या आचलचं लग्न वैशाखात, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलाकडची मंडळी अंजनगाव सुर्जीची, घरची शेती, माणसं साधी. त्यांचा काही त्रास नाही. त्रास आहे तो बस्त्याचा. बस्ता म्हणजे नुसती कापडं घेणं नव्हे, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही, पण आजकालच्या पोरींना सांगावं लागतं. सगळं गणगोत एका दुकानात दिवसभर गादीवर मांडी घालून बसलं पाहिजे, पहिलं कापड देवीचं फाडलं पाहिजे, मग नवरीचं, मग मामाचं, मग आत्याचं, आणि सरतेशेवटी टॉवेल-टोपीवाले. (टॉवेल-टोपीवाले म्हणजे ज्यांना शर्टपीस दिला तर आपण जातो आणि काहीच नाही दिलं तर ते जातात, असे लोक.) त्यात कोणीतरी रुसलं पाहिजे, कोणीतरी समजूत घातली पाहिजे. तर आमच्या आचलबाईंनी मोबाईल पुढं केला आणि म्हणाल्या, "बाबा, बायपासवर नवीन दुकान झालं, चार मजली, एसी आहे, तिथंच सगळं घेऊन टाकू, दोन तासांत मोकळे." दोन तासांत! अरे, दोन तासांत तर आपल्याकडे आत्याच्या लुगड्याचा रंग ठरत नाही.

तरी गेलो. लेकीचं मन मोडायचं नाही म्हणून गेलो. लग्न पाहावं करून म्हणतात ते उगाच नाही. ते दुकान सगळं काचेचं. दारात चप्पल काढली तर चौकीदार आधी चपलेकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, घालून चाला." मी म्हटलं, "गादी खराब होईल ना बाप्पा." आत गेलो तर गादीच नाही. बसायलाच जागा नाही, भाऊ! बस्ता घ्यायचा आणि तो उभ्यानं! एसटीत जन्मभर उभा राहिलो ते काय निवृत्त झाल्यावर पुन्हा उभं राहायला? चहा नाही. पाणी मागितलं तर बाटली विकत. साड्या हँगरला टांगून ठेवलेल्या, एकही कोणी अंगावर टाकून दाखवीना. तिथं एक पोरगी होती, दिसायला आपल्या घरच्यासारखी, गोड. तिला एका साडीचा भाव विचारला तर तिनं चिठ्ठी दाखवली. मी म्हटलं, "ही बोलायची किंमत झाली बेटा, घ्यायची सांग." ती म्हणाली हीच आहे. मग मी रिवाजाप्रमाणे अर्धी बोललो. तर ती हसली! गिऱ्हाईक अर्धी बोललं की दुकानदारानं कपाळाला हात लावायचा असतो, आमची लेकरं काय खातील म्हणून विचारायचं असतं. हसायचं नसतं. मला तर त्या पोरीची काळजीच वाटली, की हिला कोणी काहीच शिकवलं नाही, ही पुढं कशी निभावेल.

मग मी म्हटलं, ठीक आहे, आता आपण रुसून निघू. निघालो. पण भाऊ, तिथं जिना सरकता! माणूस रुसून निघतो तेव्हा त्याला सावकाश जायचं असतं, एकेक पायरी मोजून उतरायचं असतं, म्हणजे मागून हाक मारायला समोरच्याला उसंत मिळते. इथं पाय ठेवला की जिनाच तुम्हाला घेऊन जातो. मी थांबलो होतो, पण खाली जात होतो. खाली पोचलो, उभा राहिलो. हाक नाही. वाटलं, जिन्याच्या घाईत त्यांना जमलं नसेल, आणखी एक संधी देऊ. दुसऱ्या बाजूच्या जिन्यानं पुन्हा वर गेलो, "छत्री राहिली वाटतं" असं मोठ्यानं म्हणून पुन्हा रुसून उतरलो. (फाल्गुनात छत्री! पण ऐनवेळी दुसरं सुचलं नाही.) तेवढ्यात स्पीकरवरून एका बाईचा आवाज आला. मी म्हटलं, आली हाक, आणि जिन्याच्या मधूनच उलटा वर चढू लागलो. अर्धा जिना चढलो, पण होतो तिथंच होतो. लोक मोबाईलवर फोटो काढू लागले. आचलनं खाली येऊन मला बाजूला घेतलं. ती बाई कोणाची तरी पांढरी गाडी बाजूला घ्या म्हणत होती. आचल घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण बस्ता कापड ओळीतच घेऊ हे मात्र कबूल केलं. तेव्हा हात दाखवून अवलक्षण झालं, तरी काम झालं.

कापड ओळ तुम्ही अलीकडे पाहिली नाही, म्हणून सांगतो. पार बदलली. म्हणजे दुकानं तीच आहेत, तेच पांढरे गादी-तक्के, तोच कोऱ्या कापडाचा वास, की नुसतं ओळीतून गेलं तरी आपल्या घरी लग्न आहे असं वाटावं. पण रस्ता रुंद करणार आहेत. पाडव्यानंतर दोन्हीकडचे सगळे ओटे तोडणार. कोणी म्हणतं ओटेच तोडतील, कोणी म्हणतं अर्धं दुकान जाईल, कोणी म्हणतं काहीच होत नाही, असे कागद बापाच्या वेळेपासून येऊन राहिले. पण यावेळी खोदायचं यंत्र आलं आहे. दिवसभर रस्ता खोदत असतं, पायाखालची जमीन थरथरते. आपल्या नेहमीच्या कापडवाल्या नत्थुजीच्या पोरानं, विपुलनं, त्या बायपासकडेच गाळा घेतला, काचेचा. बापाला म्हणतो, चला तिकडं. नत्थुजी म्हणतो, "काचेत बसलो तं मासोयी दिसीन मी. लोकं पाह्यतीन आन चालले जातीन." आणि इथं राहायचं तर ओटा राहत नाही. मोठं धर्मसंकट आहे. तुम्ही म्हणाल, ओटा गेला तर काय झालं, दुकान तर आहे? अहो, ओटाच नसला तर माणसानं रुसून उतरायचं कुठून?

ही उतरायची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण पोरांना कोणी सांगितली नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. भाव जमला नाही की शांतपणे उठायचं. ओट्यावरून उतरताना पाठ ताठ ठेवायची. चप्पल समोर दिसत असली तरी थोडी शोधायची. मग बुधाजीच्या पानठेल्यापर्यंत चालत जायचं, त्याच्यापुढं पाऊल टाकायचं नाही. (पुढं गेलं तर माणूस खरंच गेला असा अर्थ होतो, आणि मग दोघांचीही पंचाईत.) आणि सगळ्यात मोठं कलम म्हणजे मागं वळून पाहायचं नाही. मेलो तरी नाही. पानठेल्यापाशी पोचलं की नत्थुजी ओट्याच्या काठावर येतो आणि हाक मारतो, "ओ कंडक्टरसाहेब, एक घंटी!" एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तेव्हा एक घंटी झाली की मी थांबतो, वळतो, आणि "आता कायले बोलावता?" म्हणत नाक मुरडून परत येतो. मग भाव मधे कुठंतरी जमतो. गोपालचं बारसं असो की दिवाळी, जन्मभर हेच चालत आलं. (गोपाल म्हणजे तुम्ही नव्हे, आमच्या चुलत्याचा नातू. तुमच्या बारशाला मी नव्हतो.) माझ्या आणि रुख्मिणीच्या लग्नाचा बस्ताही त्याच ओट्यावर झाला. नत्थुजीचा बाप तेव्हा गल्ल्यावर होता आणि नत्थुजी कापड मापत होता. तुमचे वडील रुसून उतरले, आणि तुम्ही रीत माहीत नसल्यामुळे त्यांच्यामागं धावत जाऊन, हाताला धरून, हाक यायच्या आधीच परत आणून बसवलं. त्या दिवशी भावाचं जे वाटोळं झालं ते तुमचे वडील शेवटपर्यंत विसरले नाहीत.

तर मागच्या सोमवारी आम्ही सगळे गेलो. रुख्मिणी, आचल, माझ्या दोघी बहिणी, आणि बहिणींची मतं. नत्थुजी खूश. म्हणाला, "या बाप्पा, ओट्यावरचा हा शेवटचा मोठा बस्ता होईन, आरामात बसा." गिला वडा मागवला, चहा दोनदा झाला. पहिलं कापड अंबादेवीचं फाडलं, तेव्हा रुख्मिणीनं पदर डोळ्याला लावला, आणि खरं सांगतो भाऊ, मीही दुसरीकडे पाहिलं. ज्या गादीवर आपल्या लग्नाचा बस्ता झाला त्याच गादीवर लेकीचं कापड फाटताना पाहायला नशीब लागतं. आचलही हरखून गेली. शालू तिच्या अंगावर टाकला तर नत्थुजी तिला म्हणाला, "बेटा, तुह्या मायच्या वक्ती बी हाच रंग निंगाला होता." असं काय ते त्या सरकत्या जिन्यावर कोणी सांगणार आहे? सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते टॉवेलपाशी. मी म्हटलं, जाड टॉवेल बारीक टॉवेलच्या भावात लावा. नत्थुजी म्हणाला, "वामनराव, यात मलेच पुरत नाही." मी म्हटलं, "मंग राहू द्या." आणि उठलो. रागानं नव्हे. प्रेमानंच उठलो. इतका सुंदर दिवस, त्यात एकदा रुसल्याशिवाय बस्ता पुरा कसा होणार?

ओट्यावरून उतरलो. पाठ ताठ. चप्पल शोधली. पानठेल्यापर्यंत गेलो. आणि भाऊ, हाक आली नाही.

मी पान घेतलं. यंत्र जवळच चालू होतं, धुळीनं पान सुद्धा कचकच लागत होतं. पान संपलं, हाक नाही. दुसरं घेतलं. बुधाजी पान लावता लावता माझ्या मागं बोट दाखवून तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मी म्हटलं, "बुधाजी, मांगं पाह्यचं नसते, तुले इतक्या वर्षांत समजलं नाही काय?" त्यानं पुन्हा बोट दाखवलं. भैताडच आहे तो. मी त्याला चांगलं सुनावलं आणि ताठ उभा राहिलो. शेवटी काय करता? किती वेळ उभं राहायचं? ऑटो केली आणि घरी आलो. ऑटोत बसतानाही मागं पाहिलं नाही. बाया संध्याकाळी आल्या. रुख्मिणी काहीबाही सांगू लागली, पण ती पहिल्यापासून दुकानदारांच्या बाजूची आहे, मी हात वर करून तिला थांबवलं आणि म्हटलं, त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही.

पण मनाला काही चैन पडेना. म्हणून मी रोज एकदा ओळीतून जाऊन राहिलो. मुद्दाम नाही, कामानंच. झाडू आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी नाडा आणायला. मग उदबत्ती, मग दोरी, मग पुन्हा झाडू. घरात आता इतके झाडू झाले की रुख्मिणी विचारते, व्याह्यांना आहेरात झाडू द्यायचे काय? ओळीच्या पलीकडच्या बाजूनं जातो, म्हणजे त्याच्या नजरेत पडावं पण माझ्याकडून पुढाकार दिसू नये. नत्थुजी मला पाहतो, हे नक्की. परवा त्यानं हातही हलवला, पण तो माशा हाकलत होता. तोंडही उघडलं, पण ती जांभई असावी. काल तर ओट्याच्या काठापर्यंत आला, दोन्ही हात वर केले आणि मग डोक्याला हात लावून आत गेला. दुकान सोडायचं दुःख असणार. मला त्याची दयाही आली आणि रागही आला. अरे, इतकं दुःख आहे तर एक हाक मार ना! एवढं काय जड आहे?

मला वाईट वाटलं, भाऊ. खरंच वाईट वाटलं. टॉवेलचं काय घेऊन बसलात, ते मी बारीकही वाटले असते. पण ज्या माणसानं आयुष्यभर मला परत बोलावलं, त्यानं शेवटच्या खेपेला जाऊ दिलं. त्या काचेच्या दुकानात मला कोणी हाक मारली नाही त्याचं काही नाही, ती माझी माणसं नव्हती. पण नत्थुजीनंही जर आता ठरवून टाकलं असेल, की गेलं गिऱ्हाईक तर जाऊ द्या, तर मग ओळ राहिली काय आणि गेली काय! ओटा पाडव्यानंतर मशीन तोडेल, पण माझ्यापुरता तर तो सोमवारीच तुटला. आणि आता बस्ता अर्धवट पडला आहे, देवीचं कापड फाटून झालं आहे, म्हणजे दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, आणि हाक आल्याशिवाय त्या दुकानात जाता येत नाही. पाडवा डोक्यावर आला. लग्नाघरचा बाप मी, आणि झाडू आणत हिंडून राहिलो.

असो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी काही मागायला म्हणून हे लिहिलेलं नाही, नुसतं मन मोकळं केलं. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. सवड झाली तर रविवारी सहज येऊन जावं. खूप दिवसांत पंगत एकत्र झाली नाही. आंबाडीची भाजी करायला सांगतो.

आपला,
वामनराव

ता. क. रविवारी सहज आलातच, तर नवरीला मामाची साडी तुमच्याकडूनच असते, ती घ्यायला ओळीत जावंच लागेल. नत्थुजीकडेच जावं. तुम्ही त्याच्याकडून एकदा भाव न करता शर्टपीस घेतला होता, तेव्हापासून तो तुमचं नाव आदरानं काढतो. (मला तेव्हा लाज वाटली होती, पण आज कामाला आलं.) साडी घेता घेता सहज विषय काढावा की वामनराव बाहेर पानठेल्यापाशी उभे आहेत. मी असेनच.

दुसरा ता. क. हाक त्यानं ओट्यावर उभं राहून मारावी, आतून नको. मोबाईलवर तर मुळीच नको. आणि पूर्ण मारावी, "कंडक्टरसाहेब, एक घंटी." मी तुम्हाला सांगितलं हे त्याला कळता कामा नये. तुमच्या वडिलांच्या वेळेसारखं हाताला धरून आणायचं नाही, हे निक्षून सांगतो.

तिसरा ता. क. पाकीट भातानं पक्कं चिकटवून रुख्मिणीजवळ टपालात टाकायला देतो. ती काही उघडत नाही, बाई सरळ आहे. येताना जमलं तर अकोल्याहून देवाची एक पितळी घंटी आणावी. आमच्या देवघरातली दोन दिवसांपासून गायब आहे, आणि तुमची बहीण वाटीवर चमचा वाजवून आरती करते. विचारलं तर म्हणते, "देवाले चालते." काळ कठीण आला आहे.

*

दादा, मी रुख्मिणी. भातानं चिकटवलेलं पाकीट चहाच्या वाफेवर उघडते, हे तुमच्या जवाईबुवाले अजून माईत नाही. सारं वाचलं. आता माह्यं आयका.

नत्थुजीनं हाक मारली. एकदा नाही, गळा बसेपर्यंत मारली. मी तथीच बसली होती. भाईर ते मशीन घर्रघर्र करत होतं, आन यायचा कान कसा हाय थे तुमाले मी काय सांगू. बुधाजी बी बिचारा बोट दाखवू दाखवू थकला. मी घरी येऊन सांगाले गेली तं मलेच चूप बसवलं. रोज ओळीतून जातात तवा नत्थुजी ओट्यावरून बोंबलते, हात हालवते, आन हे म्हणतात माशा हाकलून राह्यला.

बस्ता तं त्याच दिवशी झाला. टावेल जाडच भेटले, यायनं म्हटले त्याच भावात. सारा बस्ता दिवाणात ठेवला हाय. त्याच्यावरच बसून यायनं हे पत्र लिहिलं, आन झाकण बसत नाही म्हणून सुतार बोलावतो म्हणतात. कसं बसीन? आत आचलचा शालू हाय.

राह्यलं फक्त यायचं धोतर. नत्थुजी म्हणे, "ताई, थे मी नाही फाडत. कंडक्टरसाहेब वापस येतीन, ओट्यावर बसतीन, भाव करतीन, मंग फाडीन. पाडव्याच्या आंधी पाठवा, मंग ओटा राह्यत नाही." मले रडूच आलं, दादा. पण हाक तं यायले आयकू जात नाही. मंग आचलले एक गोष्ट सुचली. तिनं सैपाकघरात देवाची घंटी एकदाच वाजवली. हे परसात झाडू धरून चालले होते, थे जागच्या जागी उभे राह्यले.

म्हणून घंटी नत्थुजीले नेऊन देली. रविवारी तुमी यायले पानठेल्यापाशी उभं करा, नत्थुजी एकच वाजवीन. अकोल्याहून नवी आणू नका. आन दोनदा वाजवू नको म्हणून त्याले तुमीच बजावून सांगा, नाही तं हे चालले जातीन.